वडिलार्जित बंदुकीची जन्मपत्रिका

जुन्या घराण्यांच्या वाड्यांतून तरवार, भाला, कट्यार ह्यांच्या शेजारीं एखादी दुनळी बंदूकहि जतन करून ठेवलेली कोठें कोठें आढळते. पणजोबांनीं ती मुंबईहून आणिली, किंवा एखाद्या साहेबानें विलायतेस परत जातांना ती त्यांस दिली, एवढी हकीकत घरांत तोंडीं चालत आलेली असते. त्यापलीकडे तिची माहिती बहुधा कोणास नसते. दसऱ्याच्या दिवशीं तिची पूजा होते, आणि वर्षाचे उरलेले दिवस ती तेलकट फडक्यांत गुंडाळलेली पेटींत पडून राहते. पुढें केव्हां तरी घरांतील एखाद्या तरुणास असें वाटतें कीं, हिला स्वच्छ करावें, मोडलें असेल तें दुरुस्त करावें, आणि वर्षांतून एकदोन वेळां तरी हिचा बार काढावा. ही इच्छा स्वाभाविक आहे. तींत पूर्वजांविषयींचा आदरहि आहे. परंतु तरवार आणि बंदूक ह्यांच्यांत एक मोठा भेद आहे. जुनी तरवार बोथट असली तर ती फार तर कापणार नाहीं. जुनी बंदूक दगा देते तेव्हां ती समोरच्या लक्ष्यास नव्हे, तर नळीखालीं धरलेल्या डाव्या हातास आणि दस्त्याला टेकलेल्या चेहऱ्यास दगा देते.

बंदूक जुनी झाली म्हणून फुटते, असा सामान्य समज आहे. तो अगदींच खोटा नसला तरी अपुरा आहे. पुष्कळ वेळां बंदूक फुटते ती एका काळची नळी आणि दुसऱ्या काळचें काडतूस ह्यांची गांठ पडल्यामुळें. म्हणून अशा बंदुकीसंबंधीं पहिला प्रश्न, ती किती चकाकते हा नसून, ती कोणत्या काळच्या दारूसाठीं घडविली गेली हा आहे. हा प्रश्न कारागिराचा जितका, तितकाच इतिहासाचा आहे. आणि त्याचें उत्तर सुदैवानें बंदुकीच्या अंगावरच, नळीच्या पोटाशीं, बारीक शिक्क्यांच्या रूपानें कोरून ठेवलेलें असतें. एखाद्याची जन्मपत्रिका वाचावी त्याप्रमाणें ते शिक्के वाचतां आले पाहिजेत.

प्रथम बंदुकीचें वय ठरवावें लागतें. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपांतील शिकारीची बंदूक चकमकीची असे. घोड्याच्या तोंडांत धरलेली गार पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी पडे, ती ठिणगी कानाजवळच्या रंजकेस पेटवी, आणि रंजकेचा जाळ नळींतील दारूपर्यंत पोंचे. ह्या खटाटोपांत क्षणाचा विलंब होई, आणि रंजकेचा भडका पाहून पांखरें सावध होत. स्कॉटलंडमधील बेलहेल्व्ही गांवचे धर्मोपदेशक अलेक्झांडर जॉन फॉर्सिथ हे बदकांच्या शिकारीचे शौकीन होते. ह्या अडचणीवर उपाय शोधतां शोधतां त्यांनीं आघातानें पेट घेणाऱ्या स्फोटक द्रव्याचा उपयोग बंदुकींत केला, आणि १८०७ सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्यांच्या ह्या कल्पनेंतूनच पुढें तांब्याची लहानशी टोपी निघाली. ही टोपी नळीच्या बुडाशीं असलेल्या एका पोकळ खुंटीवर बसवावयाची आणि घोडा तिच्यावर आपटावयाचा, इतकी ती रचना सोपी होती. कोंकणांत शेताच्या राखणीसाठीं ज्या ठासणीच्या बंदुका ठेवीत आले आहेत, त्या बहुधा ह्याच जातीच्या होत.

ठासणीच्या बंदुकीसंबंधीं एक इशारा येथेंच दिला पाहिजे. दारू, बोळा आणि छर्रे नळींत ठासलेले असतांनाच ती खुंटीला टांगली गेली, आणि टांगणारा पुरुष पुढें निवर्तला, असें घडलेलें असूं शकतें. काळी दारू कोरडी राहिली तर तिची शक्ति कित्येक वर्षें नष्ट होत नाहीं. म्हणून खुंटीवर टोपी नाहीं ना हें आधीं पाहावें, आणि तोंड नळीच्या समोर न आणतां गज हलकेच आंत सोडून, नळीच्या तोंडापाशीं त्याच्यावर खूण करावी. मग तोच गज, खूण नळीच्या तोंडाशीं जुळवून, बाहेरून नळीला लावून धरावा. गजाचें टोंक खुंटीच्या जागेपर्यंत न पोंचतां चारसहा बोटें अलीकडे राहिलें, तर बंदूक भरलेली आहे असें समजून ती तशीच जाणत्या, परवानाधारक कारागिराच्या हवालीं करावी.

मागून भरावयाच्या बंदुकीचा मान प्रथम फ्रान्सकडे जातो. पॅरिसचे कारागीर कासिमिर लफोशो ह्यांनीं १८३० नंतरच्या दशकांत, नळी मध्येंच मोडून मागच्या तोंडानें काडतूस घालतां येईल अशी बंदूक तयार केली. त्या काडतुसाच्या बुडाशेजारून एक पितळी खिळा बाहेर आलेला असे, व घोडा त्या खिळ्यावर पडे. ही बंदूक १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनांत मांडली गेली, आणि तेव्हांपासून इंग्रज कारागिरांचें लक्ष तिच्याकडे वेधलें. बुडाच्या मधोमध टोपी बसविलेलें काडतूस १८६१ सालीं जॉर्ज डॉ ह्यांनीं इंग्लंडांत प्रचारांत आणलें. आजचें काडतूस मूलतः त्याच घाटाचें आहे. पुढें १८७५ सालीं बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स ह्या पेढींतील अॅन्सन आणि डीली ह्या दोघांनीं, घोडे बाहेर न ठेवतां बंदुकीच्या पोटांत दडविण्याची रचना शोधून काढली. ह्या क्रमावरून घरांतील बंदुकीचें वय अदमासानें ठरवितां येतें. खिळ्याच्या काडतुसाची बंदूक असेल तर ती बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची. बाहेर दोन घोडे आणि मधोमध टोपीचें काडतूस असेल तर ती १८६१ नंतरची. घोडे पोटांत असतील तर ती प्रायः १८७५ नंतरची. मुंबईस आर्मी अँड नेव्ही ह्या विलायती भांडाराची शाखा १८९१ सालीं उघडली, आणि अशा दुकानांतून शिकारीचें सामान हिंदुस्थानांतील गिऱ्हाइकांस घरबसल्या मिळूं लागलें. परंतु बाहेरच्या घोड्यांच्या बंदुका पुढेंहि पुष्कळ वर्षें होत राहिल्या, म्हणून केवळ रूपावरून निर्णय देणें योग्य नाहीं.

वयानंतर नळीचें द्रव्य पाहावें. पुष्कळ जुन्या बंदुकींच्या नळ्यांवर लांकडाच्या रेषांसारख्या किंवा पाण्यावरील तरंगांसारख्या नागमोडी लहरी दिसतात. त्या रंगविलेल्या नसतात, कोरलेल्याहि नसतात. त्या नळीच्या देहांतच असतात. लोखंड आणि पोलाद ह्यांच्या कांबी एकत्र तापवून, पिळून, त्यांची फीत करावयाची. ती फीत दोरीप्रमाणें एका दांड्याभोंवतीं गुंडाळावयाची. आणि भट्टींत लाल करून हातोड्यांच्या घावांखालीं तिचे वेढे एकजीव करावयाचे, अशा रीतीनें ह्या नळ्या घडत. त्यांस दमास्कस नळ्या असें नांव पडलें. बर्मिंगहॅम आणि बेल्जममधील लिएज हीं त्यांचीं प्रसिद्ध केंद्रें होत. दक्षिण हिंदुस्थानांत मुशींत वितळवून केलेल्या ज्या पोलादाच्या तरवारी जगांत गाजल्या, त्यांच्यावरील लहरी निराळ्या. त्या पोलाद थिजतांना आणि घडतांना उमटत. नळीवरील लहरी मात्र दोन धातूंच्या विणीच्या आहेत.

वेढे घालून नळी घडविण्याची युक्ति आपल्या देशासहि अपरिचित नव्हती. अबुल फजल ह्यांनीं ‘ऐन-इ-अकबरी’ ग्रंथांत अकबराच्या कारखान्यांतील रीत वर्णिली आहे. पूर्वीं लोखंडाच्या पत्र्याच्या दोन्ही कडा नुसत्या जोडून नळी करीत, व ती वारंवार फुटे. अकबराच्या वेळीं पत्रा तिरकस गुंडाळून, एका थरावर दुसरा थर चढवून तो भट्टींत जोडण्याची पद्धत निघाली. पूर्वींची नळी चतुर्थांशाहून अधिक दारूनें भरतां येत नसे, आतांची तोंडापर्यंत भरली तरी फुटत नाहीं, असा तेथें निर्वाळा दिलेला आहे. एकाच वेळीं सोळा नळ्या साफ करणारें, बैलाच्या बळावर फिरणारें चक्रहि त्या ग्रंथांत वर्णिलेलें आहे. नळी फुटूं नये हीच सर्व देशांतील कारागिरांची विवंचना होती.

दमास्कस नळी म्हणजे कच्ची नळी, असा एक समज पुढें रूढ झाला. तोहि विवेकानें घेतला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहानें निरनिराळ्या जातींच्या नळ्या फुटेपर्यंत तपासून पाहिल्या, तेव्हां उत्तम प्रतीच्या पिळीव नळ्या पोलादी नळ्यांच्या बरोबरीनें, किंबहुना कांहींशा वरचढ ठरल्या. परंतु हा निकाल नव्या आणि उत्तम नळ्यांचा होता. हलक्या प्रतीच्या नळींत वेढ्यांच्या सांध्यांत मळी राहून जाई, आणि शंभर वर्षांच्या ओलीनें त्या सांध्यांतून गंज शिरला असेल तर तो वरून दिसत नाहीं. जोसेफ व्हिटवर्थ ह्यांनीं वितळलेलें पोलाद दाबून निर्दोष ओतीव करण्याची रीत काढल्यानंतर अखंड पोलादी नळ्या हळूहळू पुढें आल्या, आणि १९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें तेव्हां बेल्जमचा पिळीव नळ्यांचा धंदा जवळजवळ संपला.

आतां खऱ्या वादाचा विषय जी दारू, तिच्याकडे वळूं. शेंकडों वर्षें बंदुकीची दारू एकच होती: सोरा सुमारें ७५ भाग, कोळसा १५ भाग आणि गंधक १० भाग. तिचा धूर दाट, तिची राख पुष्कळ. जळून उरणाऱ्या पदार्थांपैकीं अर्ध्याहून अधिक घनरूपानें राहतो. परंतु तिचा एक गुण असा कीं, अनुभवी मनुष्य तिचें माप डोळ्यांनीं घेऊं शके, आणि थोडेंफार अधिक पडलें तरी बहुधा अनर्थ ओढवत नसे. सुमारें १८६४ सालीं प्रशियाच्या सैन्यांतील कप्तान शुल्ट्झ ह्यांनीं लांकडाच्या तंतूंवर नत्राम्लाची प्रक्रिया करून थोड्या धुराची दारू तयार केली, आणि पुढें ती इंग्लंडांत होऊं लागली. १८८४ सालीं फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ पोल व्हिएल ह्यांनीं रायफलींसाठीं धुराविण जळणारी दारू सिद्ध केली. पहिल्या पहिल्या बिनधुराच्या दारूचें माप काळ्या दारूइतकेंच ठेवलेलें होतें. त्यामुळें जुनें मापटें चालत असे. परंतु त्यानंतर आलेली दारू घट्ट आणि जड होती. तिचें माप वजनानें, काट्यावरच घ्यावें लागे. जुन्या संवयीनें मापटें भरून ती घालणाऱ्या मनुष्यानें नळींत, कारागिरानें योजिलेल्या दाबाच्या कितीतरी पट दाब कोंडला, आणि नळ्या फुटूं लागल्या. दोष नळीचा नव्हता. बदललेल्या काळाची वार्ता मापट्यास कळली नव्हती.

नळीची परीक्षा घेऊन मगच ती विकावी, हा दंडक मात्र फार जुना आहे. लंडनच्या बंदूक करणाऱ्यांच्या संघास १६३७ सालीं राजा पहिला चार्ल्स ह्याची सनद मिळाली. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ सालच्या कायद्यानें स्थापन झालें. बेल्जममधील लिएज येथील परीक्षेची परंपरा १६७२ पासूनची आहे. ह्या परीक्षेची रीत सोपी पण कठोर आहे. नित्याच्या बारापेक्षां पुष्कळ भारी बार भरून नळी उडवावयाची. ती फुगली, चिरली अथवा ढिली पडली तर बाद. निभावली तर तिच्यावर शिक्का. लंडनचा शिक्का म्हणजे मुकुटाखालीं गुंतविलेलीं जी व पी हीं इंग्रजी अक्षरें, आणि मुकुटाखालील व्ही. बर्मिंगहॅमचा १९०४ पर्यंतचा शिक्का म्हणजे मुकुटासह एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन राजदंड. लिएजचा शिक्का म्हणजे लंबवर्तुळांत ई, एल, जी हीं अक्षरें. १८७५ ते १८८७ ह्या काळांतील, तोंडाशीं निमुळत्या केलेल्या कांहीं इंग्रजी नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’ हे शब्द आढळतात. ह्या नळींतून अखंड गोळी सोडूं नये, असा त्यांचा अर्थ.

परंतु ह्या सर्व शिक्क्यांत जो शोधावयाचा तो नव्या दारूचा. इंग्लंडांत १८९६ पासून बिनधुराच्या दारूची निराळी परीक्षा सुरू झाली आणि ‘नायट्रो प्रूफ’ असे शब्द नळीवर येऊं लागले. १९०४ पासून त्या ऐवजीं एन व पी हीं अक्षरें मुकुटाखालीं, किंवा लंडनची असल्यास खड्ग धरलेल्या हाताखालीं, दिसूं लागलीं. हा शिक्का नसेल तर ती नळी काळ्या दारूची आहे असें मानावें. तिचें मोल त्यामुळें उणें होत नाहीं, पण आजचें काडतूस तिला वर्ज्य ठरतें. १९५४ च्या नियमांनंतर इंग्रजी नळीवर दाबाचा आंकडाहि येऊं लागला, जसें दर चौरस इंचास ३ टन. अशा एका ओळींत नळीचा सारा अधिकार सांगितलेला असतो.

शिक्का असला म्हणजे तरी काम संपतें काय? नाहीं. शिक्का ज्या दिवशीं बसला त्या दिवसाची ती साक्ष आहे. त्यानंतर कोणीं ती नळी आंतून घांसली असेल, गंजाच्या खळग्या काढण्यासाठीं पोखरली असेल, तर साक्ष बाद होते. हें ओळखण्यासाठीं व्यास मोजावा लागतो. बारा बोअर ह्या शब्दाचाच अर्थ असा कीं, एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतील एक त्या नळींत नेमकी बसावी. हा व्यास इंचाच्या एक हजार भागांपैकीं ७२९ भाग, म्हणजे सुमारें १८॥ मिलिमीटर होतो. ज्या इंग्रजी नळीवर नुसता १२ चा आंकडा आहे तिचा व्यास ७४० भागांपर्यंत वाढला तर ती परीक्षेबाहेर गेली असें समजतात. म्हणजे सारा प्रश्न एका इंचाच्या शंभराव्या हिश्शाचा आहे! तसेंच नळीच्या भिंतीची जाडी पाहावी. ती कोठेंहि इंचाच्या पन्नासाव्या भागाहून कमी भरली तर कुशल कारागीर ती बंदूक वापरण्याचा सल्ला सहसा देत नाहींत. हीं मापें डोळ्यांनीं घेतां येत नाहींत. त्यांस खास उपकरणें लागतात.

ह्याहून फसवी बाब काडतुसाच्या घराची, म्हणजे नळीच्या मागच्या टोंकास काडतूस बसण्यासाठीं जी रुंद खोबण असते तिची, आहे. जुन्या बारा बोअरच्या इंग्रजी बंदुकींत हें घर बहुधा २॥ इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर लांब असे. आज बाजारांत मिळणारीं पुष्कळ काडतुसें २॥। इंचाच्या, म्हणजे ७० मिलिमीटरच्या घरासाठीं केलेलीं असतात. काडतुसाची जी लांबी पेटीवर छापतात ती बार उडाल्यानंतरची, तोंड उलगडल्यानंतरची असते. न उडालेलें काडतूस तोंड मिटलेलें असल्यामुळें आंखूड असतें. म्हणून लांब काडतूस आंखूड घरांत विनासायास जातें, बंदूक मिटते, सर्व ठीक दिसतें. आणि बार उडतांच काडतुसाचें तोंड उलगडून घरापुढील निमुळत्या वाटेंत अडकतें. मग छर्ऱ्यांस वाट अरुंद होते आणि दाब एकदम चढतो. बसलें म्हणजे चालेल, हा न्याय येथें घातक आहे. पुण्याजवळ खडकीस १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, आणि बारा बोअरचीं काडतुसें तेथें होत आलीं आहेत. देशी असो वा विलायती, प्रत्येक पेटीवरील लांबीचा आंकडा आणि नळीच्या घराची मोजलेली लांबी हीं ताडून पाहावींत.

एवढी परीक्षा झाल्यावर मग दुरुस्तीची गोष्ट निघते. येथें उत्साही मनुष्याचा हात जितका आवरेल तितका बरा. इंग्रजी बंदुकीच्या स्क्रूंच्या खांचा केसासारख्या बारीक असतात. त्यांत बाजारी पेचकस घातला तर खांच कायमची विद्रूप होते. कारागीर प्रत्येक खांचेसाठीं पेचकसाचें पातें घांसून नेमकें बसवितो. नळ्यांवरील तांबूस किंवा काळसर रंग हा मळ नसून संथपणें आणलेला, उकळत्या पाण्यानें थांबविलेला गंजच असतो, आणि त्यामुळेंच लोखंड व पोलाद ह्यांच्या लहरी निरनिराळ्या उठून दिसतात. तो पॉलिश कागदानें घांसून काढला तर नळी चकाकेल, पण तिचें रूप जाईल, भिंत पातळ होईल, आणि जे शिक्के वाचावयाचे तेच पुसले जातील. दोन नळ्यांच्या मधील पट्ट्या कथलाच्या डांकानें जोडलेल्या असतात. आजच्या तीव्र क्षाराच्या उकळत्या द्रावणांत घालून नळ्या काळ्या करण्याची जी झटपट रीत आहे, ती हा डांक खाऊन टाकते. पट्ट्या घट्ट आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं नळ्यांची जोडी एका आंकड्यावर टांगून बोटानें टिचकी मारतात. घंटेसारखा स्वच्छ नाद उठला तर डांक शाबूत, भद्द आवाज आला तर कोठें तरी सुटला आहे. मात्र हा नाद सांध्याची साक्ष देतो, बळाची नव्हे.

दस्ता बहुधा अक्रोडाच्या लांकडाचा असतो. वर्षांनुवर्षें बंदूक नळी वर करून उभी ठेवल्यामुळें तेल ओघळून लांकडाच्या माथ्यांत मुरतें, लांकूड काळें आणि मऊ पडतें, आणि बाराच्या धक्क्यानें तडकतें. खडूच्या भुकटीचा लेप देऊन तें तेल हळूहळू बाहेर ओढून घेतां येतें. जवसाच्या तेलाचे पातळ हात देऊन लांकडास तकाकी आणावी. व्हार्निशाचा जाड थर देऊं नये. बंदूक आणि नळ्या मिटल्यावर त्यांच्यांत फट राहते काय, चाप फार हलका झाला आहे काय, घोडा अर्ध्या खांचेंतून घसरतो काय, हें कारागिरानें पाहिल्याशिवाय तींत काडतूस घालूं नये. नळीस पोंचे पडले असतील तर ते आंतून उचलून काढण्याचें कसब निराळें आहे; घरच्या हातोडीचें तें काम नव्हे.

कायद्याची बाजूहि तितकीच महत्त्वाची आहे. हिंदुस्थानांत १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें शस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक केला. त्याच्या जागीं १९५९ चा कायदा आला. जुनाट घाटाचें किंवा पुराणवस्तु म्हणून मोल असलेलें हत्यार त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतें; पण तें दुरुस्त करूनहि चालण्याजोगें नसेल तरच. म्हणून ‘आमची बंदूक मोडकी आहे’ एवढें म्हणणें पुरेसें नाहीं. दुरुस्तीनें चालेल अशी बंदूक ही बंदूकच होय. ती दुरुस्त करण्याचा अधिकारहि त्यासाठीं परवाना असलेल्यासच आहे, आणि तिच्यावरील नांव, क्रमांक किंवा खूण पुसणें हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें एका मनुष्याजवळ असावयाच्या बंदुकींची मर्यादा दोनवर आणली, आणि वारशानें आलेली बंदूकहि त्या मोजणींत धरली. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा जुना काळ संपविला आहे. म्हणून प्रासंगिक उपयोग म्हणजे परवानगीच्या मैदानावर निशाणाचा सराव, एवढाच सामान्यतः समजावा.

परीक्षेंत उतरलेली बंदूकहि म्हाताऱ्या मनुष्याप्रमाणें जपूनच वापरावयाची असते. तिला हलक्या बाराचें, योग्य लांबीचें काडतूस द्यावें, आणि वर्षांतून थोडकेच बार काढावे. काळ्या दारूचा बार काढला असेल तर नळी गरम पाण्यानें धुवावी. कारण तिच्या राखेंतील क्षार तेलांत विरघळत नाहींत, ते तेलाखालीं लपून ओल ओढतात आणि कोंकणासारख्या दमट हवेंत थोड्याच दिवसांत नळीस खळग्या पाडतात. पाण्यानें धुवून, कोरडी करून, मग तेलाचें बोट फिरवावें, आणि नळीचें तोंड खालीं करून बंदूक ठेवावी, म्हणजे तेल लांकडांत उतरणार नाहीं.

आणि परीक्षेंत ती उतरली नाहीं तर? इंग्लंडांत अशा वेळीं जुन्या नळ्या बुडापाशीं कापून त्यांत नव्या पोलादी नळ्या बसवितात, पुन्हा परीक्षा घेतात, आणि तसें केल्याची खूण नळीवर उमटवितात. बंदूक चालती होते, परंतु तरंगांच्या नळ्या जातात. कांहीं घराण्यांस हा सौदा पटेल, कांहींस पटणार नाहीं. ज्यांस पटणार नाहीं त्यांनीं ती बंदूक न उडवितां जतन करावी. त्यांत उणेपणा मुळींच नाहीं. पूर्वजांचें धोतर किंवा पगडी आपण नेसत नाहीं, बांधीत नाहीं, तरी ती टाकीतहि नाहीं. परवान्याची कागदपत्रें बंदुकीच्या जोडीनें ठेवावीं, आणि शिक्क्यांचें वर्णन, मोजलेला व्यास, भिंतीची जाडी, घराची लांबी, कारागिराचा अभिप्राय व त्याची तारीख एका वहींत लिहून तीहि त्याच पेटींत ठेवावी. पणजोबांच्या पिढीनें बंदूक दिली, पण तिची हकीकत दिली नाहीं. म्हणून आजच्या पिढीस शिक्क्यांवरून ती शोधून काढावी लागते. पुढील पिढीच्या हातीं दोन्ही एकत्र पडलीं, तर पेटी उघडणारा तरुण आधीं वही वाचील, आणि मगच काडतुसाकडे हात नेईल.